माहितीचा खाजगीपणा आणि नागरिकांची बेफिकिरी : चिकपेटचा धडा

बंगळुरूच्या जुन्या भागातील चिकपेट ही दक्षिण भारतातील रेशमी वस्त्रांच्या नामांकित बाजारपेठांपैकी एक होय. पहिल्या केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास मातीच्या तटबंदीचे जे शहर वसविले, त्यातील दोन प्रमुख पेठा म्हणजे दोड्डपेट आणि चिक्कपेट, अर्थात थोरली पेठ आणि धाकटी पेठ. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि या पेठांचा मराठी भाषेशी निकटचा संबंध आला. आजही जुन्या बंगळुरूत भावसार, नामदेव शिंपी आदी समाजांतील घरात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत.

अशा व्यापारी पेठेला गुप्ततेचे महत्त्व कोणी शिकविण्याची गरज नसते. खरेदीची किंमत ग्राहकाला कळू नये म्हणून ती मालाच्या चिठ्ठीवर सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत आपल्याकडील कापड व्यापाऱ्यांत जुनी आहे. जनावरांच्या बाजारात हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीत ग्रामीण वाचकांना परिचित असेलच. वही परक्याच्या हाती द्यायची नाही, हा तर व्यवहारातला पहिला पाठ.

मात्र त्याच पेठेत आज खरेदीला आलेला ग्राहक दिवसभरात स्वतःविषयीची किती माहिती देतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. मेट्रोच्या चिकपेट स्थानकात त्याच्या प्रवासाची नोंद होते. रस्त्यावर आणि दुकानात कॅमेरे त्याला टिपतात. पावती करताना तो विचारल्याबरोबर मोबाईल क्रमांक सांगतो. यूपीआयने पैसे देताना त्याचे नाव दुकानदाराला दिसते. खिशातील भ्रमणध्वनी त्याचे ठिकाण सतत कळवीत असतो. यांपैकी कशालाही त्याची हरकत नसते. विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, 'माझ्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?'

हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. माहितीचा खाजगीपणा म्हणजे गुपित नव्हे. दिलेली माहिती कशासाठी घेतली, ती कोणाजवळ राहील आणि किती काळ राहील, हे ठरविण्याचा आणि विचारण्याचा अधिकार म्हणजे खाजगीपणा. हे तीन प्रश्न न विचारल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण चिकपेटचेच नाव धारण करणाऱ्या मतदारसंघात २०२२ मध्ये पाहावयास मिळाले.

दारावर आलेली पाहणी

चिकपेट विधानसभा मतदारसंघ केवळ बाजारपेठेपुरता मर्यादित नाही. पेठेचे नाव मिळालेला हा मतदारसंघ दक्षिणेकडे विश्वेश्वरपुरम, जयनगर अशा वस्त्यांपर्यंत पसरला आहे. २०२२ साली तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेने मतदार जागृतीच्या कामासाठी चिलुमे नावाच्या एका खाजगी न्यासाला परवानगी दिली. हे काम न्यास विनामूल्य करणार होता. त्याच सुमारास, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून, मतदार ओळखपत्राला आधार क्रमांक ऐच्छिकरीत्या जोडण्याची मोहीम निवडणूक आयोगाने देशभर सुरू केली होती. त्यामुळे दारावर मतदार यादीच्या कामासाठी माणसे येणे लोकांना स्वाभाविकच वाटत होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वृत्तमाध्यमांनी जे उघडकीस आणले ते धक्कादायक होते. न्यासाच्या माणसांनी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असल्याची ओळखपत्रे दाखवून घरोघर माहिती गोळा केली, असा आरोप करण्यात आला. विचारलेल्या बाबी मतदार जागृतीशी संबंधित नव्हत्या. त्यांत जात, मातृभाषा, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, दूरध्वनी क्रमांक व आधारविषयक तपशील यांचा समावेश होता. ही माहिती निवडणूक आयोगाच्या अधिकृत ॲपवर न भरता खाजगी ॲपवर भरली गेल्याचेही वृत्तांत म्हटले होते. वृत्त प्रसिद्ध होण्यापूर्वीच महानगरपालिकेने न्यासाची परवानगी रद्द केली होती. पुढे गुन्हे नोंदले गेले आणि अटकाही झाल्या.

२५ नोव्हेंबर २०२२ रोजी भारत निवडणूक आयोगाने शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या तीन मतदारसंघांच्या बाबतीत कडक आदेश दिले. संबंधित दोन अतिरिक्त जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना निलंबित करण्यास सांगण्यात आले. १ जानेवारी २०२२ नंतर या तीन मतदारसंघांच्या याद्यांमध्ये जी नावे वगळली किंवा नव्याने घातली गेली, त्या सर्वांची शंभर टक्के तपासणी करण्याचे फर्मान निघाले. हरकती व दावे नोंदविण्याची मुदत ९ डिसेंबरवरून २४ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली.

मतदार यादीतून नाव वगळणे ही एरवी नेहमीची प्रशासकीय बाब आहे. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशा कारणांनी नावे वगळावीच लागतात. परंतु घरोघरची जात, भाषा आणि पत्ता हाती असलेली यादी अनधिकृत व्यक्तीकडे आहे, अशी शंका एकदा निर्माण झाली की नियमानुसार वगळलेल्या नावाबद्दलही विश्वास उरत नाही. या प्रकरणातील खरे नुकसान इथे आहे. मतदार यादी ही लोकशाहीची वही आहे. तिच्यावरचा विश्वास डळमळू नये म्हणूनच आयोगाला प्रत्येक नोंद पुन्हा तपासण्याची आज्ञा द्यावी लागली.

आता दारात उभ्या राहून उत्तरे देणाऱ्या गृहिणीचा विचार करू. तिने काही लपविण्यासारखे सांगितले नव्हते. आपली मातृभाषा, आपली जात, पतीचा व्यवसाय या गोष्टी शेजारपाजारी ठाऊक असतातच. मात्र शेजाऱ्यांना ठाऊक असणे आणि तीच माहिती हजारो घरांच्या माहितीबरोबर एका यादीत, मतदार क्रमांकासमोर, नोंदली जाणे यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्या माहितीचा उपयोग फार तर गप्पांपुरता होतो. दुसऱ्या माहितीवरून कोणत्या गल्लीत कोणाची मते आहेत, याचा नकाशा तयार करता येतो.

'लपविण्यासारखे काही नाही' या युक्तिवादातील त्रुटी

या युक्तिवादात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या तिन्ही तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले गृहीत असे की, माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरली जाते. प्रत्यक्षात माहिती प्रवास करते. कर्नाटकातच २०२३ मध्ये याचा कटू अनुभव आला. मालमत्ता खरेदीच्या नोंदणीकृत दस्तांवर पक्षकारांच्या अंगठ्याचे ठसे असतात आणि आधार क्रमांकही असतो. संगणकीकरणामुळे असे दस्त मिळविणे सोपे झाले. त्यांतील ठशांची नक्कल करून आधार आधारित देयक प्रणालीद्वारे लोकांच्या बँक खात्यांतून परस्पर रकमा काढल्या गेल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. घराच्या खरेदीखतावर उमटविलेला अंगठा बँकेतील बचतीवर उलटला. ठसा देणाऱ्याने कोणतीही चूक केली नव्हती. पासवर्ड बदलता येतो, पण अंगठा बदलता येत नाही. जैविक ओळखीच्या बाबतीत अधिक दक्षता हवी ती याच कारणाने.

दुसरे गृहीत असे की, माहितीचा प्रत्येक तुकडा क्षुल्लक आहे. सुटा तुकडा क्षुल्लकच असतो. कोणी कोणत्या स्थानकावर उतरले, कोणत्या औषधाच्या दुकानात पैसे दिले, किती वाजता घरी परतले, यांतील एकेक नोंद निरर्थक वाटते. त्या एकत्र केल्या की आजार, कर्ज, श्रद्धा, मैत्री, राजकीय कल अशा गोष्टींचा अंदाज बांधता येतो. संगणकाची शक्ती या जोडण्याच्या कामातच आहे. पूर्वी पाळत ठेवण्यासाठी माणूस लागत असे आणि एका माणसाला एका वेळी एकाचीच पाळत ठेवता येई. आज नोंदी आपोआप जमा होतात आणि हव्या तेव्हा मागे जाऊन चाळता येतात.

तिसरे गृहीत असे की, माहिती बाळगणारा आज जसा आहे तसाच उद्याही राहील. दुकानाची मालकी बदलते, कंपनी विकली जाते, कंत्राटदार नवा येतो, सरकारे बदलतात. माहिती मात्र तीच राहते. विनामूल्य जागृती करावयास आलेली संस्था उद्या त्या यादीचे काय करील, याची हमी दारात उभ्या असलेल्या नागरिकाला मिळालेली नसते.

सोय आणि पाळत

पाळतीचे तंत्रज्ञान आपल्या आयुष्यात दहशतीच्या रूपाने आलेले नाही. ते सोय, सुरक्षितता आणि बचत यांच्या रूपाने आले. म्हणूनच त्याकडे डोळसपणे पाहणे कठीण जाते, आणि त्याचे लाभ नाकारणेही योग्य ठरणार नाही.

निर्भया निधीतून देशातील आठ महानगरांत सुरक्षित शहर प्रकल्प राबविण्यात आला. त्यात मुंबईप्रमाणे बंगळुरूचाही समावेश होता. बंगळुरूत या प्रकल्पाखाली सात हजारांहून अधिक कॅमेरे बसविण्यात आले आणि २०२३ मध्ये त्यांचे नियंत्रण केंद्र सुरू झाले. तत्पूर्वी २०१७ मध्ये कर्नाटकाने सार्वजनिक सुरक्षाविषयक कायदा करून गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसविण्याचे बंधन घातले होते. अंधाऱ्या रस्त्यावरून घरी परतणाऱ्या स्त्रीला कॅमेऱ्याचा आधार वाटत असेल, तर त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र कॅमेरा कोण पाहतो, चित्रण किती दिवस ठेवले जाते, चेहरा ओळखणारी प्रणाली त्याला जोडली आहे काय, हे प्रश्न त्या स्त्रीच्याच हिताचे आहेत.

खाजगी कॅमेऱ्यांची स्थिती अधिक चिंताजनक आहे. दुकान, शिकवणी वर्ग, दवाखाना, गृहनिर्माण संस्था अशा ठिकाणी स्वस्त कॅमेरे बसविले जातात आणि ते इंटरनेटला जोडले जातात. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बदलण्याची तसदी अनेक जण घेत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील स्त्री रुग्णांचे चित्रण इंटरनेटवर विक्रीला आल्याचे उघड झाले. सुरक्षेसाठी बसविलेला कॅमेरा असुरक्षिततेचे दार कसे बनतो, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. आपल्या दुकानात कॅमेरा बसविणारा व्यापारी हा केवळ स्वतःच्या मालाचा रक्षक राहत नाही. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या चित्रणाचा तो विश्वस्त होतो.

संकटकाळात तर सोय आणि सक्ती यांतील सीमारेषा पुसट होते. कोविड साथीच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शाईचे शिक्के मारण्यात आले. कर्नाटक सरकारने घरी विलगीकरणात असलेल्यांचे पत्ते जाहीर केले. पुढे अशा व्यक्तींनी रात्री दहा ते सकाळी सात ही वेळ वगळता दर तासाला स्वतःचे छायाचित्र ॲपवरून पाठवावे, असा आदेश निघाला. साथ रोखण्याचा हेतू रास्तच होता. परंतु जाहीर झालेला पत्ता साथ ओसरल्यावर परत घेता येत नाही. ज्यांचे पत्ते शेजाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर फिरले, त्यांना भोगावा लागलेला दुरावा हा आजाराचा नव्हे, तर माहितीचा परिणाम होता.

उंबरठ्याची परंपरा

खाजगीपणा ही पाश्चात्त्य कल्पना असून आपल्या समाजाला तिचे सोयरसुतक नाही, असे कधीकधी म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सोजिरांकडून घरांची झडती घेण्यात आली. माजघरात व देवघरात परक्यांनी शिरावे, स्त्रियांची तपासणी करावी, सामान रस्त्यावर आणावे, याविरुद्ध शहरात तीव्र संताप उसळला. त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरील हल्ल्यात झाले. हिंसेचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु रोगनिवारणाचा हेतू असला तरी उंबरठा ओलांडण्याची रीत महत्त्वाची असते, ही जाणीव सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी समाजात पुरेपूर होती.

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांना या प्रश्नाचा निवाडा करण्यास बराच काळ लागला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने झडतीच्या संदर्भात खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. १९६२ मधील खडकसिंग खटला तर दारावरील थापेविषयीचाच होता. उत्तर प्रदेशातील या इसमावर दरोड्याचा आरोप होता व पुराव्याअभावी तो सुटला होता. तरीही पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावले जाई. सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या गृहभेटींचा नियम रद्द केला, पण इतर पाळत वैध ठरविली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र आपल्या भिन्न मतात खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य भाग मानला.

बंगळुरूचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. १९८८ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. पुढे १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी आधार योजनेला आव्हान देणारी याचिका दाखल केली. त्या याचिकेतून उद्भवलेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ मधील विरुद्ध मते त्यामुळे रद्दबातल झाली. या हक्कात हस्तक्षेप करावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, त्यामागे वैध हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी पुढे आली. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले.

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले होते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही योजना वैध ठरविली. शासकीय अनुदान व लाभ यांसाठी आधारचा वापर मान्य झाला. बँक खाते आणि भ्रमणध्वनी यांना आधार जोडण्याची सक्ती मात्र अमान्य झाली. म्हणजे न्यायालयाने 'आधार हवे की नको' असे न विचारता 'आधार कशासाठी' असे विचारले. नागरिकानेही हाच प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे.

कायद्याची चौकट

या निर्णयानंतरच्या विचारमंथनातून संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार असून नागरिकांच्या हक्कांशी व संस्थांच्या कर्तव्यांशी संबंधित मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे.

या कायद्यातील काही तरतुदी सर्वसामान्य वाचकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. माहिती घेण्यापूर्वी ती कोणती व कशासाठी घेतली जात आहे, याची सूचना द्यावी लागते. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून उमजून दिलेली असावी लागते. दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे कायदा सांगतो. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. चिकपेटमधील मराठी भाषकाला ही सूचना मराठीतून मागता येईल, तसेच पुण्यातील कन्नड भाषकाला ती कन्नडमधून मागता येईल. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही या कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे दारावर वही घेऊन येणारा पाहणी करणारा माणूस आपोआप कायद्याबाहेर राहत नाही. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कायद्याला मर्यादाही आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. या सवलतीची व्याप्ती फार मोठी असल्याची टीका अभ्यासकांनी केली आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम या कायद्याने बदलले असून त्यावरही मतभेद आहेत. अशा प्रश्नांची तड संसदेत व न्यायालयात लागेल. परंतु कायदा कितीही चांगला असला तरी हक्क बजावणारा नागरिक नसेल तर तो कागदावरच राहतो.

व्यवहारातील दक्षता

दक्षता म्हणजे तंत्रज्ञानाकडे पाठ फिरविणे नव्हे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावरील मासिक व्यवहारांनी एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला. पेठेतील चहावाल्यापासून साडीच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना त्याचा लाभ होत आहे. प्रश्न व्यवहार थांबविण्याचा नसून तो जाणतेपणाने करण्याचा आहे.

त्या दृष्टीने पुढील गोष्टी कोणालाही करता येण्याजोग्या आहेत :

१. दारावर पाहणीसाठी आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहावे, ते कोणत्या कार्यालयाने दिले ते विचारावे व शंका आल्यास त्या कार्यालयाकडे खात्री करून घ्यावी. मतदार यादीसाठी जात किंवा उत्पन्न विचारण्याचे कारण नाही. ओळखपत्र खरे वाटले तरी विचारलेला प्रश्न कामाशी संबंधित आहे की नाही, हे पाहावेच.

२. मतदार यादीतील आपले व कुटुंबीयांचे नाव दरवर्षी तपासावे. वगळण्यासाठी व समाविष्ट करण्यासाठी स्वतंत्र नमुने आहेत आणि हरकतीची मुदत जाहीर केली जाते.

३. आधारची पूर्ण छायाप्रत सर्रास देऊ नये. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली प्रत, तसेच आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक या सोयी प्राधिकरणाने उपलब्ध केल्या आहेत. बोटांचे ठसे व बुबुळाची ओळख कुलूपबंद करून ठेवण्याचीही व्यवस्था आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने छायाप्रती देण्याबाबत लोकांना सावध केले होते. गैरसमज होईल म्हणून ते पत्रक दोन दिवसांत मागे घेण्यात आले. तरी मागे घेतानाही नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, असेच सांगण्यात आले.

४. पावतीसाठी मोबाईल क्रमांक देणे बंधनकारक नाही. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना असा आग्रह धरू नये, अशी सूचना दिली आहे. क्रमांक नाकारल्याने कोणताही व्यापार अडत नाही.

५. भ्रमणध्वनीवरील प्रत्येक ॲपला ठिकाण, संपर्कयादी, कॅमेरा व ध्वनिमुद्रण यांची मुभा हवी की नाही, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. गणकयंत्राला संपर्कयादीची आवश्यकता नसते.

६. कॅमेरा बसविणाऱ्याने मूळ पासवर्ड बदलावा, कॅमेरा असल्याची पाटी लावावी, कपडे बदलण्याच्या खोलीत व तपासणी कक्षात तो बसवू नये आणि जुने चित्रण ठरलेल्या मुदतीनंतर पुसून टाकावे.

७. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

यांतील पहिल्या दोन बाबींना संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. तेथे केवळ प्रश्न विचारण्याचा संकोच सोडावा लागतो. आपल्याकडे दारावर आलेल्या माणसाला पाणी विचारण्याची रीत आहे, आणि ती सोडण्याचे कारण नाही. पाणी देऊन 'हे कशासाठी विचारता?' असे म्हणणे उद्धटपणाचे नाही. खरा शासकीय कर्मचारी या प्रश्नाने दुखावणार नाही, उलट उत्तर देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

माहिती गोळा करणाऱ्या संस्थांची जबाबदारी तर यापेक्षा मोठी आहे. महानगरपालिका असो, गृहनिर्माण संस्था असो वा दुकान असो, गरजेपेक्षा अधिक माहिती न घेणे हा सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जाऊ शकत नाही. सार्वजनिक काम कोणी विनामूल्य करून देत असेल, तर त्याला मोबदला कोठून मिळणार आहे, याची चौकशी करणे हे अधिकाऱ्यांचे पहिले काम होय. चिकपेट, शिवाजीनगर आणि महादेवपुरा येथे अधिकाऱ्यांवर झालेली कारवाई या दृष्टीने मार्गदर्शक ठरावी.

समारोप

रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारे दोघे काही बेकायदा करीत नसतात. त्यांचा व्यवहार त्यांच्यापुरता राहावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. माहितीच्या खाजगीपणाचा आशयही तेवढाच आहे. आपल्या माहितीवरचा रुमाल केव्हा व कोणासाठी उचलायचा, हे ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे आणि संसदेने त्यासाठी कायदा केला आहे. उरतो तो आपला स्वतःचा आळस.

विकासाच्या योजनांना नागरिकांची माहिती लागणारच. शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, लसीकरण, पीक विमा यांपैकी काहीही माहितीवाचून राबविता येत नाही. नेमक्या याच कारणासाठी माहितीचा गैरवापर हा विकासावरील घाला ठरतो, कारण एकदा विश्वास उडालेला माणूस पुढच्या वेळी खऱ्या जनगणनेला, खऱ्या आरोग्यसेविकेलाही दार उघडण्यास कचरतो. २०२२ मध्ये चिकपेट मतदारसंघातील नागरिकांच्या वाट्याला आलेली अस्वस्थता इतर शहरांच्या वाट्याला येऊ नये, असे वाटत असेल तर पुढच्या वेळी दाराची घंटा वाजताच तीन प्रश्न ओठांवर असावेत : कशासाठी, कोणाजवळ आणि किती काळ?